देवाचाही शिणवटा काढतात, ताई

पत्र थोडक्यात: पंढरपुरात राहणाऱ्या, ४३ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. पतसंस्थेत कॅशियर आहेत. नवरा नोकरीसाठी लातूरला, शनिवारी येतो. घरी सासूबाई, बारावीतला मुलगा, आठवीतली मुलगी. तसं सगळं चांगलं चाललंय, घराचं कर्ज फिटत आलंय. नातेवाइकांत ओळख 'सदा हसतमुख' अशी, फॅमिली ग्रुपवर सकाळचा पहिला मेसेज त्यांचाच असतो. पण आषाढीनंतरच्या एका मंगळवारी उठल्यापासूनच त्यांना काही म्हणजे काही नको झालं. दूध उतू गेलं. मुलगी वेणी घालायला पुढे बसली तर तिच्यावर खेकसल्या. मुलाने विचारलं, 'आई, बरी आहेस ना?' तर 'मला काय धाड भरलीये?' म्हणाल्या. पतसंस्थेच्या पार्किंगमधे स्कूटीवर बसून दहा मिनिटं रडल्या, हेल्मेट न काढता, कोणाला दिसू नये म्हणून. संध्याकाळी कॅश टॅली करताना पाचशे रुपये कमी आले. त्या विचारतात, "माझ्या नणंदेचा नवरा मागच्या वर्षी गेला, ती उभी आहे, आणि मला कशाचं एवढं? हा माज आहे का? असे दिवस येऊच नयेत म्हणून काय करू? पाचला उठते, मेडिटेशनचं ॲप घेतलंय, रोज तीन चांगल्या गोष्टी डायरीत लिहिते, तरी दीड-दोन महिन्यांतून असा एक दिवस येतोच."

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी हेल्मेटपाशी थांबले. जुलैचा दमट दिवस, काच खाली ओढलेली, आत श्वासाची वाफ धरलेली आणि अशातही कान बाहेर, की कोणी येतंय का. रडायला दहा मिनिटं मिळाली तीही चोरून. मग काच वर केली असेल, डोळे पुसले असतील, आणि काउंटरवर जाऊन पहिल्या माणसाला 'या काका' म्हणाला असाल. बरोबर ना?

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही लिहिलंय, 'काही कारणच नव्हतं.' आणि त्याच पत्रात, वरच्या बाजूला, अगदी जाता जाता एक ओळ आहे, की 'घरी नेहमीप्रमाणे वारीची सोळा माणसं उतरली होती, पौर्णिमेला काला झाल्यावर गेली.' ताई, सोळा माणसं! म्हणजे पहाटेपासून आंघोळीची पाणी तापवणं, चहाची पातेली, एकादशीला सगळ्यांची भगर आणि आमटी, द्वादशीला पारण्याचा स्वयंपाक, आणि यातच मधे पतसंस्था सुरूच, सासूबाईंच्या गोळ्या सुरूच, मुलाचा क्लास सुरूच. मग सगळे गेल्यावर सतरंज्या, चादरी, गोधड्या धुणं, आणि पावसाळ्यात त्या वाळवणं हे तर वेगळंच युद्ध. हे सगळं करून तुम्ही मंगळवारी उठलात आणि अंगात काहीच उरलेलं नव्हतं. याला तुम्ही 'कारण नव्हतं' म्हणताय. कारण होतं हो, फक्त ते तुम्ही कारणात धरत नाही कारण ते दरवर्षीचं आहे.

तुम्ही पंढरपूरच्या, तुम्हाला मी काय सांगायचं, पण हे सदर बाहेरगावचेही वाचतात म्हणून लिहिते. आषाढी वारीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात. देव झोपत नाही. चोवीस तास दर्शन सुरू असतं, काकडआरती आणि शेजारती बंद, देव भक्तांसाठी उभा, आणि उभं राहून पाठ दुखेल म्हणून मागे कापसाचा लोड देतात. रुक्मिणीमातेला तक्क्या. आणि गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुतात, देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, पलंग परत जागेवर येतो आणि रात्री शेजारतीला काढा देतात. का, तर देवाचा शिणवटा जावा म्हणून. म्हणजे ज्या गावात तुम्ही राहता तिथे साक्षात विठ्ठल दमला असेल हे सगळं गाव मानतं, त्याच्यासाठी पूजा आहे, त्याला दिवस ठरवून दिलाय, काढा उकळतोय. 'तू तर देव, तुला कसला थकवा' असं कोणीही म्हणत नाही. आणि त्याच आठवड्यात त्याच गावातली एक बाई हेल्मेटमधे तोंड लपवून स्वतःला विचारते की हा माझा माज तर नाही.

नाही ताई, माज नाही. तुमची प्रक्षाळपूजा राहून गेली, एवढंच.

आता नणंदेचं. तुम्ही तुमचा मंगळवार तिच्या दुःखाशेजारी ठेवून मोजलात आणि मग तुमचं अगदीच किरकोळ दिसलं. पण दुःखाची अशी रांग लागत नसते, की आधी तिचा नंबर, तिचं आटोपलं की मग तुमचा. तिचा नवरा गेला हे खूप मोठं आहे, ते मोठंच राहील, पण तेवढ्याने तुमची पाठ दुखायची थांबत नाही. आणि मला आणखी एक वाटतं, चुकत असेन तर सोडून द्या. तिच्यासमोर तुम्ही कायम हसतमुख असता. मग तिला जेव्हा एखाद्या दुपारी उठवत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, तेव्हा ती तुम्हाला फोन करत असेल का? जिचा एकही दिवस वाईट जात नाही तिच्याकडे आपला वाईट दिवस घेऊन जाताना माणसाला संकोच होतो. तुम्ही एकदा तिला सहज म्हणून बघा, 'आज माझं काही खरं नाही गं.' कदाचित ती वर्षभर कोणीतरी असं म्हणायची वाट बघत असेल.

तुमच्या पत्रात आणखी एक भीती आहे, लिहिलेली नाही पण आहे. की एक दिवस सूट दिली तर दुसऱ्या दिवशीही तसंच वाटेल, मग तिसऱ्या, मग मी अशीच होऊन जाईन. म्हणूनच तो दिवस येऊच नये यासाठी तुम्ही पाचचा गजर, ॲप, डायरी अशी एवढी तटबंदी उभी केलीये. या भीतीवर मला एक जुना प्रयोग सांगावासा वाटतो. १९८७ मधे डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना बसवलं आणि सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच मनात तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. आणि नंतर जेव्हा त्यांना सांगितलं की आता खुशाल करा विचार, तेव्हा आधी दाबून धरलेल्यांच्या डोक्यात ते अस्वल जास्त वेळा आलं, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा. म्हणजे जे अडवलं तेच नंतर उसळून आलं.

आणि तुमच्या त्या पाचशे रुपयांबद्दलही. १९९० च्या दशकात जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी बघितलं की भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसांचा चेहरा शांत राहतो खरा, पण आतली नकोशी भावना काही कमी होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो. ग्रॉसच्या पुढच्या कामात असंही दिसलं की जो चेहरा सांभाळत बसतो त्याला समोर काय चाललंय ते नंतर कमी आठवतं. हे साधं आहे, डोक्याची ताकद एकाच कामाला जात असते. दिवसभर तुम्ही हसरा चेहरा सांभाळत होता आणि त्याच डोक्याने नोटाही मोजत होता. कुठेतरी एक नोट निसटणारच. तुम्ही कामात ढिल्या पडल्या नव्हतात, दोन कामं एकदम करत होतात.

माझ्या आईचं सांगते. आमच्याकडे एक शब्द होता, 'मळभ'. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या सकाळी आई चहाचा कप ओट्यावर ठेवून म्हणायची, 'आज माझ्याकडे मळभ आहे, मला फार विचारू नका.' बस्स. रागावलेली नसायची, रडत नसायची. दुपारी मधल्या खोलीत कपाळावर ओला रुमाल ठेवून पडायची, पंखा पाचवर, पडदा ओढलेला. बाबा कुकर लावायचे आणि आम्ही मेतकूट-भात खायचो, वर तुपाची धार, बरोबर पोह्याचा पापड. लहान असताना मला तो दिवस आवडायचा कारण मेतकूट-भात आवडायचा. आता कळतं की ती आम्हाला काय देऊन गेली. आई गप्प आहे म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय, असं आम्हा भावंडांना कधी वाटलं नाही, कारण तिने सांगितलेलं असायचं. आणि संध्याकाळी ती केस विंचरून बाहेर यायची, कधी मळभ गेलेलं असायचं कधी नसायचं, पण कोणी तिला 'झालं का बरं?' असं टोकत नव्हतं.

तुमच्या घरात त्या मंगळवारी काय झालं बघा. मुलाने विचारलं, 'बरी आहेस ना?' केवढा चांगला प्रश्न आहे हा, सतरा वर्षांच्या मुलाने आईला विचारलेला. आणि त्याला उत्तर मिळालं की मला काय धाड भरलीये. त्याला दिसत होतं की तुम्ही बऱ्या नाही आहात, आणि तुम्ही सांगितलं की बरी आहे. म्हणजे त्याने एक तर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायचा नाहीतर हे शिकायचं की असं काही असलं की बोलायचं नसतं. बारावीचं वर्ष आहे ताई, त्याचेही वाईट दिवस येणारेत या वर्षात, टेस्टमधे मार्क कमी पडतील, झोप होणार नाही. तेव्हा त्याने तुम्हाला सांगावं असं वाटत असेल तर सांगण्याची पद्धत त्याला घरातच दिसायला हवी.

पण इथे एक मी स्पष्ट बोलणार. स्वतःला वाईट दिवसाची परवानगी देणं म्हणजे खेकसायची परवानगी नव्हे. मन खराब असणं हा तुमचा हक्क, ते मुलीच्या वेणीवर काढणं नाही. आणि खरं सांगू का, हे दोन्ही एकमेकांच्या उलटच असतात, ज्याला सकाळीच 'आज माझं बरं नाही' म्हणता येतं त्याच्यावर आठ वाजता भडकायची वेळ फारशी येत नाही. मुलीला सॉरी म्हणा, अजूनही म्हणा, एका वाक्यात, 'त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती, मी दमले होते.' मात्र त्यापुढे 'मी किती वाईट आई आहे' हे तिच्यासमोर उगाळू नका, मग तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

आता करायचं काय ते. एक तर सांगायचं वाक्य आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या सकाळी शब्द सुचत नाहीत. त्यात तीन गोष्टी असाव्यात, मला काय होतंय, यात तुमची चूक नाही, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. 'आज मला जड जड वाटतंय, कोणावर रागावलेली नाहीये, रात्रीपर्यंत मला कमी कामं सांगा.' सासूबाईंना वेगळ्या शब्दांत सांगावं लागेल, त्या पिढीला 'मूड नाही' हे कळत नाही पण 'आज अंगात त्राण नाही' हे बरोबर कळतं, त्यांनीही ते दिवस काढलेत, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसरं, वाईट दिवसाचा स्वयंपाक ठरवून ठेवा. खिचडी-पापड, नाहीतर पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणि घरचं पिठलं, काहीही, पण तो त्या दिवशी ठरवायचा नाही. आणि शक्यतो तो मुलाला करता यावा असा असू दे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जाताना दिसले, आणि पुरुषांचे ९७. हा फरक तुमच्या एका घरात एका दिवसात मिटणार नाही, पण कुकरला तीन शिट्ट्या कोणालाही काढता येतात.

त्या दिवशी सकाळी एक कागद घ्या आणि फक्त ती कामं लिहा जी आज नाही झाली तर खरंच कोणाचं नुकसान होईल. सासूबाईंच्या गोळ्या, पतसंस्थेची कॅश, मुलीला क्लासहून आणणं. तीन-चारच निघतील. बाकीची, फरशी, ग्रुपवरचा सकाळचा मेसेज, कपाट आवरणं, हे सगळं उद्या. (तो मेसेज नाही गेला तर काय होतं तेही एकदा बघा. कोणीतरी विचारेल, 'आज कुठेयस?' विचारू दे की.) कॅशियरचं काम असं आहे की तिथे ढिलाई चालत नाही, म्हणून त्या दिवशी चेहऱ्यावर कमी आणि नोटांवर जास्त लक्ष द्या, प्रत्येकाशी हसून बोललंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, आणि मोठी रक्कम असेल तर शेजारच्या मॅडमना 'जरा परत मोजता का' म्हणा. मोठे निर्णय, लांबलचक मेसेज, नवऱ्याशी फोनवरचे जुने हिशोब, हे त्या दिवशी नको, त्या दिवशी सगळंच असतं त्याहून काळं दिसतं.

रजेचंही बघा. तुमच्या सीएल कुठे जातात त्याची मला कल्पना आहे, भाचीचा साखरपुडा, मुलाच्या ॲडमिशनची कागदपत्रं, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. वर्षातल्या दोन बाजूला ठेवा ज्या कोणाच्याच कामाच्या नाहीत. आणि त्यातली एक, ताई, काल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी. आत्ताच कॅलेंडरवर पुढच्या आषाढीला खूण करून ठेवा. वारकऱ्यांचं करणं तुम्हाला आवडतं हे पत्रावरून कळतंच, ते सोडा असं मी म्हणणार नाही, पण सतरंज्या धुवायला त्या दिवशी माणूस लावा आणि तुम्ही झोपा.

पाचचा गजर, ॲप, डायरी यात वाईट काही नाही, तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर करा. मात्र डायरीत तीन चांगल्या गोष्टींच्या खाली चौथी ओळ रिकामी सोडा, 'आज नकोसं वाटलं ते' यासाठी. आणि रात्री साडेअकराला झोपून पाचला उठणं हे कुठल्याही ॲपने भरून निघत नाही, आधी गजर सहावर आणा.

शरीराकडेही बघायला हवं. दीड-दोन महिन्यांतून एकदा म्हणताय, तर तो दिवस पाळीच्या आसपास येतो का हे तीन-चार महिने कॅलेंडरवर टिपून ठेवा. चाळिशीनंतर हार्मोन्स बदलायला लागतात आणि काही जणींना त्यात असे दिवस येतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. म्हणजे आपण जिला मनाची कमजोरी म्हणून शिव्या घालतो ती कित्येकदा रक्तातली असते.

आणि हे तुमच्यासाठी जितकं तितकंच बाकी वाचणाऱ्यांसाठी. वाईट दिवस येतो आणि जातो. पण उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं हे दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त टिकलं, सोबत झोप-भूक बिघडली, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटायला लागलं, तर ते मळभ नाही, त्याला डिप्रेशन म्हणतात का हे डॉक्टरांना ठरवू द्यायचं. जगणंच नको असा विचार आला तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. तुमचं पत्र वाचून मला तसं काही दिसत नाही, पण नंबर फ्रिजवर लावून ठेवायला काय हरकत आहे, बारावीतला मुलगा आहे घरात, एखाद्या मित्रासाठीही लागू शकतो.

एक मला बोचतंय ते लिहून टाकते. सीएलच्या गोष्टी ज्यांना रजा आहे त्यांच्या. ज्या मावशी तुमच्या-माझ्याकडे भांडी घासायला येतात, त्यांना वाईट दिवस आला तर त्या दिवसाचा खाडा पडतो. त्यांच्याही दोन पगारी सुट्ट्या आपण धरल्या, कारण न विचारता, तर ती परवानगी आपल्या हातात आहे. आणि ज्या पुरुष वाचकांची 'घरी सांगायचं कसं, हसतील' अशी पत्रं येतात त्यांनाही वरचं तेच वाक्य लागू आहे, 'कोणावर रागावलेलो नाहीये' हा भाग तर त्यांनी जरा जास्तच ठळक म्हणावा, कारण बाप गप्प बसला की पोरं घाबरतात.

ती स्कूटीवरची दहा मिनिटंही बंद करू नका, ताई. फक्त जागा बदला. घाटावर जा, चंद्रभागेकडे तोंड करून बसा, हेल्मेट काढून. कोणी बघितलं तर बघितलं, त्या वाळवंटात रडणारी तुम्ही काही पहिली नाही.

आणि मुलाचा प्रश्न अजून तसाच आहे, त्याला उत्तर मिळालेलं नाही. आज तो क्लासहून आला की त्याला म्हणा, 'त्या मंगळवारी नव्हते रे मी बरी.' तो काही बोलणार नाही कदाचित, मोबाइलमधे बघत 'हं' म्हणेल. मग त्याला सांगा, आईसाठी काढा ठेव एक कपभर, आणि आलं जरा जास्त किस.